वायरच्या टोकाचं टोपण

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर मोठं येतं, म्हणून वही लवकर भरते. पण सांगायचं फार नाही. एकच गोष्ट आहे, बाकीचं तिच्या आजूबाजूचं.

मासळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी शिपाई होते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वर, चढणीला ते ऑफिस. खाली बर्फाचा कारखाना आणि कोळंबी सोलायची शेड. त्या शेडमध्ये मी आधी चार वर्षं काढली होती. दिवसभर बर्फातली कोळंबी सोलून बोटांच्या पेरांची साल निघायची, नखांखाली पाणी धरायचं. घरी भाकरी थापताना नुसती आग व्हायची. तिथून मला वर ऑफिसात घेतलं ते मी हुशार होते म्हणून नव्हे. साहेबांना झाडलोट करून चहा देणारी, न बोलणारी बाई हवी होती. मी बोलतच नसे. कुणी नाव विचारलं तरी पदर तोंडाशी जायचा. साहेब मला दुसऱ्यांसमोर ‘आपली मुकी यमुनाबाई’ म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. मुक्या माणसाला कुणी परत शेडवर पाठवत नाही, एवढंच मला कळायचं.

घरी नवरा होता. मुंबईची गिरणी बंद पडली तेव्हा तो परत आला आणि पडवीत बसून राहिला. दोन मुलं. घर माझ्या पगारावर.

ऐंशीनंतरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. टेबलांवर चार, आणि काचेच्या खोलीत एक मोठा. मोठ्याला थंड हवा लागायची, साहेबांना पंखा पुरायचा. मोठ्यात सगळी माहिती. टेबलावरच्या चारांनी त्याच्याकडून मागून घ्यायची. त्यासाठी एकच काळी वायर ह्या टेबलाखालून त्या टेबलाखाली अशी गेलेली होती, कपडे वाळत घालायची दोरी एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जाते तशी.

सकाळी प्रत्येकानं आपल्या मशीनवर आपलं नाव टाकायचं, मग पासवर्ड टाकायचा. पासवर्ड पडद्यावर दिसत नाही. मोठ्या मशीनला ओळख पटली की ते आत घेतं. ह्याला लॉगिन म्हणतात. ओळख पटली नाही तर हिरव्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ येते. मला ती वाचता येत नसे, पण ती किती लांब असते ते डोळ्यांत बसलं होतं. दारातून चहा घेऊन येताना लांबूनच कळायचं, की आज कुणाला तरी आत घेतलेलं नाही.

पुढे मला ह्या कामातलं बरंच कळू लागलं. एकालाच आत घेत नसेल तर आधी त्याच्या बटणांच्या पाटीकडे बघायचं. वरच्या कोपऱ्यातला बारका दिवा लागलेला असला तर सगळी अक्षरं मोठी उमटतात, आणि पासवर्ड चुकतो. एक नवा कारकून अर्धा तास मशीनला शिव्या घालत होता. मी टेबल पुसता पुसता म्हटलं, “तो दिवा विझवा.” त्यानं विझवला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच फडकं टाकून बाहेर गेले. दोघांना घेत नसेल तर त्या दोघांमधला वायरचा जोड बघायचा. खाऱ्या हवेनं जोडांवर हिरवं चढायचं. ते ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, मशीन बंद करून कोऱ्या खोडरबरानं घासायचं. आणि सगळ्यांनाच घेत नसेल तर वायरची दोन्ही टोकं बघायची.

टोकांचं सांगते. कारण गोष्ट तीच आहे.

वायर जिथे संपते तिथे दोन्ही टोकांना एकेक टोपण असतं, बोटाच्या पेराएवढं, धातूचं. दाबून जरा फिरवलं की निघतं. एक टोक काचेच्या खोलीत होतं. दुसरं शेवटच्या टेबलामागे, फायलींच्या लोखंडी कपाटाच्या पाठी. तिथे माझ्या केरसुणीशिवाय कुणी जात नसे. मला वाटायचं, शोभेला बसवलं असेल, किंवा वायरच्या तोंडात मुंग्या जाऊ नयेत म्हणून.

ऑफिसात खंडेनवमीची पूजा व्हायची. तराजू, कात्री, शिक्के, बर्फ फोडायचा दाभण, सगळं टेबलावर मांडून फुलं वाहायची. त्या वर्षी मी हळदकुंकवाची वाटी घेऊन कॉम्प्युटरकडे वळले तर साहेब ओरडले.

“अहो बाई! मशीनला हळदकुंकू लावायचं नाही. मागच्या वर्षी टाइपरायटरमध्ये कुंकू गेलं ते अजून लाल पत्रं छापतोय.”

मी मागे झाले. पण जीव खालीवर. ज्याच्यावर सगळं ऑफिस चालतं, तेच पूजेविना राहायचं? कात्रीला फूल आणि कॉम्प्युटरला नाही? त्यांचं काही वाकडं झालं तर? मशीन उचलून पूजेत मांडता येणार नव्हतं. म्हणून सगळे प्रसादाला बाहेर गेले तेव्हा मी ती दोन टोपणं काढली. मशीन तेव्हा बंदच होती. टोपणं फडक्यानं पुसली, ताम्हणात कात्रीशेजारी ठेवली, आणि एकेक झेंडूचं फूल वाहिलं. मशीनच्या वतीनं. मनातल्या मनात म्हटलं, माफ करा, साहेबांचं ऐकावं लागतं.

पूजेला लावलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही आमच्या माहेरची रीत. म्हणून ती तशीच ठेवली. दसऱ्याला ऑफिस बंद. सकाळी मी एकटी जाऊन पूजा उतरवली. घरी मुलं वाट बघत होती, घाई होती. फुलं, पानं, तांदूळ, सगळं निर्माल्य कागदात गोळा केलं, आणि उतरताना जेटीवरून पाण्यात सोडलं. झेंडूची फुलं तरंगत गेली. मी हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला टोपणं परत बसवायला ताम्हणात बघितलं तर एकच होतं.

टेबलाखाली बघितलं. केराच्या डब्यात बघितलं. ताम्हण उपडं केलं. मग डोळ्यांपुढे ती झेंडूची फुलं आली. टोपण निर्माल्यातून पाण्यात गेलं होतं.

उरलेलं टोपण काचेच्या खोलीतल्या टोकाला बसवलं, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष जायचं. कपाटामागचं टोक तसंच उघडं राहिलं. म्हटलं, एवढंसं तर आहे, एकावर भागेल.

नवाला नलिनीताई आली. ती आमची ऑपरेटर. मंडणगडकडची, वय तेवीस-चोवीस. रत्नागिरीत मावशीकडे राहायची. चारही मशीनचे पासवर्ड तीच ठेवायची, आणि महिन्याला बदलायची. मला ‘अहो यमुनाबाई’ म्हणणारी ऑफिसातली ती एकटीच. माझा कप ती स्वतः विसळून ठेवायची. तिनं मशीन सुरू केलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. थांबली. पुन्हा टाकला. मी दारात चहा घेऊन उभी. पडद्यावर ती लांब ओळ आली.

दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तर नावही विचारेना.

साहेब आले. “काय झालं?”

“आत घेत नाहीये, सर. कुठलंच.”

“पासवर्ड कुणी बदलले?”

“मीच, सर. नवमीला. महिना झाला होता.”

“आणि आज एकही चालत नाही.”

तेवढ्यावर थांबलं असतं. पण आठ दिवसांपूर्वी आमच्या परदेशी गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्या कंपनीला कुणीतरी दिली, असं साहेबांच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून ते प्रत्येकाकडे वाकड्या नजरेनं बघत. खाली कोल्ड स्टोअरेजमध्ये माल भरून तयार होता आणि त्याचे कागद मोठ्या मशीनमध्ये. साहेबांनी त्याचा ह्याच्याशी संबंध जोडला. म्हणाले, “हे मुद्दाम केलंय. कुणाला सांगितलेस पासवर्ड?”

“कुणालाच नाही. आईशपथ.”

“पर्स उघड.”

सगळ्यांच्या देखत तिची पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, रुमाल, एस.टी.चा पास, आणि कागदाची एक पुडी. साहेबांनी पुडी उघडली. आत खोबरं-साखर. नवमीचा प्रसाद, मीच तिला बांधून दिला होता, मावशीसाठी. पर्समध्येच राहून गेला होता.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्यापासून ती चार हातांवर होती. पण बोटांची पेरं आपोआप दुखायला लागली होती, बर्फात घातल्यासारखी.

नलिनीताईला घरी पाठवलं. जाताना तिनं फक्त प्रसादाची पुडी उचलून घेतली.

संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

“कुणी बगितलंय तुला काढताना?” तो म्हणाला.

“न्हाय.”

“मग गप्प रव.”

“त्या पोरीचं नाव खराब होतंय.”

“शिकलेली हाय ती. तिला शंभर जागा. तुला कोण देनार? परत शेडवर जाशील? बग तुझी बोटं.” मग ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “जेव गो. जेवत का न्हायस?”

त्याला दोष देत नाही. मला ऐकायचं होतं तेच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून इंजिनियर आला. रात्रभर एस.टी.त बसून डोळे लाल झालेला, गोरटेला मुलगा. मला बघून त्यानं आधी चहा मागितला, मग पायऱ्या किती आहेत ते विचारलं, मग म्हणाला, “मावशी, तुमच्या गावात सपाट जागा आहे का कुठे?” दुसऱ्या एखाद्या दिवशी मी हसले असते.

दिवसभर तो काचेच्या खोलीत होता. मोठं मशीन ठीक निघालं. चारही मशीनची पाठ उघडून बघितली, तीही ठीक. मी निमित्तं काढून तिथेच घुटमळत होते. एकच टेबल तीनदा पुसलं. त्यानं वायरचं टोक हातात घेतलं. मी बसवलेलं टोपण चकचकत होतं.

“हे टोक बरोबर आहे,” तो म्हणाला. “दुसरं कुठेय?”

“त्या कपाटामागे,” साहेब म्हणाले. “तिथे कोणी जात नाही.”

“मग तेही असेल ठीक.”

मी एक टोपण परत बसवलं नसतं, तर त्याला पाच मिनिटांत सापडलं असतं. माझ्या लपवण्यानंच त्याला चुकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “साहेब, मशीनमध्ये दोष दिसत नाही. कुणी आतून काही बदललं असेल तर सांगता येत नाही.”

साहेबांना तेवढंच हवं होतं. फोनवर हात ठेवून म्हणाले, “बस्. आज दुपारी पोलीस तिच्या मावशीकडे जातील. मग इथे येतील. प्रत्येकाला विचारू दे.”

माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

ह्या वहीत तरी खरं लिहिते. नलिनीताईची दया येऊन मी बोलले असं नाही. दया पहिल्या सकाळपासून येतच होती, त्या दयेनं काही झालं नव्हतं. पोलीस मला विचारतील, आणि पोलिसांपुढे मला खोटं बोलता येणार नाही, ह्या भीतीनं मी बोलले.

ट्रे ठेवला. केरसुणी घेतली. कपाटामागे गेले, उगाच दोन हात मारले, आणि तिथूनच म्हटलं, “हितलं टोपण न्हाय.”



“कोण बोललं?” साहेब म्हणाले.

“ह्या वायरीला. त्या टोकाला हाय तसं टोपण. हितं न्हाय. आता झाडताना दिसलं.”

इंजिनियर टेबलावरून उडी मारल्यासारखा आला. कपाट सरकवलं, वाकला, आणि डोक्याला हात लावला. “अरे देवा. टर्मिनेटर!” त्यानं बॅग उघडली. आत एक डबी, तिच्यात तसली पाच-सहा टोपणं. कालपासून ती डबी माझ्यापासून चार पावलांवर होती. त्यानं एक काढून टोकाला बसवलं, मशीन सुरू केलं, साहेबांना पासवर्डाचं सीलबंद पाकीट फोडायला सांगितलं. नलिनीताईनं नवमीलाच नियमाप्रमाणे पासवर्ड त्यात घालून तिजोरीत ठेवले होते. तिच्यावर संशय, म्हणून ते तोवर कुणी उघडलं नव्हतं. पहिल्याच खेपेला आत घेतलं. चारही मशीनवर.

“पण टोपण गेलं कुठे?” साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात इंजिनियर म्हणाला, “उंदीर असेल. चमकणारं काहीही नेतात.”

“खाली शेड आहे, उंदरांना काय तोटा!” साहेब म्हणाले.

मी तोंड मिटलं. त्या दुपारी साहेबांनी भिंतीतली तीन भोकं सिमेंटनं बुजवून घेतली. मीच पाणी धरलं.

टोपण नसलं तर काय होतं ते इंजिनियर साहेबांना इंग्रजीत समजावत होता. साहेब मान हलवत होते, पण त्यांना कळलं नाही. शेवटी तो मराठीत म्हणाला, “वायरीतून जे जातं ते उघड्या टोकावर आपटून मागे येतं, आणि मागून येणाऱ्यात मिसळतं. सगळा घोळ.” मला लगेच दिसलं. जेटीच्या भिंतीवर लाट आपटते, उलटी फिरते, पुढच्या लाटेला भिडते, आणि बांधलेल्या होड्या एकमेकींवर ठोकर खातात. टोपण म्हणजे पुळण. वाळूवर लाट चढते आणि मुरून जाते. मी हे कुणाला बोलले नाही तेव्हा. पुढे ऑफिसात नवीन माणूस आला की असंच सांगायची, आणि त्याला कळायचं.

साहेब म्हणाले, “यमुनाबाई, तुम्हीच जा. तुम्ही शोधलंत, तुम्हीच तिला बोलावून आणा.”

मी गेले. नलिनीताई मावशीच्या ओटीवर ट्रंकेत कपडे भरत होती. संध्याकाळच्या मंडणगडच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. डोळे सुजलेले. मी एवढंच म्हटलं, “चला. वायरचं टोपण पडलं होतं. तुमचं काही न्हाय.”

ती उभी राहिली. “कुणाला सापडलं?”

“मला.”

“केव्हा?”

हाच तो प्रश्न. मावशी आत होती. ओटीवर आम्ही दोघीच. मला सांगता आलं असतं, परवा सकाळी आठला, तुम्ही यायच्या आधी.

“आज सकाळी,” मी म्हटलं.

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि एवढी रडली की माझ्या चोळीचा खांदा ओला झाला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला माझा वाटत नव्हता.

नलिनीताई परत कामावर आली. साहेबांनी तिची माफी मागितली नाही, पण दिवाळीला सगळ्यांच्या आधी तिला मिठाई दिली. मला शेडवर जावं लागलं नाही. उलट लॉगिन अडलं की हाक यायची, “यमुनाबाईंना बोलवा!” मी टेबलाखाली शिरायची. दिवा बघ, जोड बघ, टोकं बघ. माझं नाव झालं. मुंबईच्या इंजिनियरला फोन करायच्या आधी मला विचारायचे. मला त्याचं बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी दोन्ही टोकं चाचपायची, आणि चाचपताना दर वेळी वाटायचं, की आज नसेल.

काही वर्षांनी ती वायर काढून दुसऱ्या तऱ्हेची घातली, तिला टोपणं लागत नव्हती. काचेच्या खोलीतलं जुनं टोपण साहेबांनी मला दिलं. म्हणाले, “ठेवा बाई, तुमची आठवण.”

नलिनीताई लग्न होऊन चिपळूणला गेली. आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. पण दर दसऱ्याला ती सोनं द्यायला येते. आधी मुलांना घेऊन यायची, आता नातवाला. दर वर्षी त्याला सांगते, “ह्या आजींनी मला पोलिसांपासून वाचवलं होतं बरं का. ऑफिसात कुणाला सापडलं नाही ते ह्यांनी शोधलं.” नातू माझ्या पाया पडतो. मी पाय मागे घेते. तिला वाटतं, मी लाजते.

दार उघडताना दर वर्षी मी आधी तिच्या तोंडाकडे बघते, कळलं असेल का म्हणून. शेडची भीती कधीच गेली. नवरा गेला, साहेब गेले, ऑफिसही राहिलं नाही. ही एक भीती राहिली.

आज खंडेनवमी. देव्हाऱ्यापुढे विळी, कात्री, शिवणाचं मशीन मांडलं आहे. ताम्हणात ते टोपण ठेवलं आहे, वर झेंडूचं फूल. ही वही आता मिटून त्याच्याखाली ठेवणार आहे. पूजेला लावलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणजे मलाही ही पानं फाडता येणार नाहीत. उद्या सकाळी नलिनीताई येईल. ती दर वर्षी ते टोपण उचलून कपाळाला लावते.